ओंडक्यातली गुणगुण

ओंडकेवालीला कुणी चूक काढलेली खपायची नाही, आणि सुनेने काढलेली तर मुळीच नाही. त्या सकाळी कोठारात पहिला ओंडका फोडला आणि आतून कच्च्या, हिरवट अळ्या निघाल्या, तेव्हा तिचा पारा जो चढला तो विचारू नका.

“अहो आई, त्या गात होत्या की अजून,” सून म्हणाली.

“गात होत्या म्हणे! एकतीस वर्षं ओंडके फोडतेय मी. आता तू शिकव मला!”

हे गाणं काय, ते आधी सांगायला हवं. त्या मुलखात सूर्य दोन. त्यातला धाकटा वर्षातले चार महिने तोंड दाखवत नाही, आणि मग थंडी अशी पडते की दातावर दात आपटतात. तेवढे चार महिने माणसं तगतात ती गुणगुण्यांवर. गुणगुण्या म्हणजे बोटाएवढ्या गुबगुबीत अळ्या. तव्यावर परतल्या की सायीसारख्या गोड लागतात, आणि मूठभर खाल्ल्या की दिवसभर पोटात ऊब राहते. लाकूड पोखरता पोखरता त्या बारीक सुरात गात असतात. गाणं थांबलं की घाव घालायचा, तेव्हाच. आधी घातला तर अळी कडू जहर. जरा उशीर झाला तर पंख फुटून सगळ्या भुर्र. आणि ओंडके सगळे मिळून सात. त्यातला एक आता वाया गेला होता.

ओंडकेवालीने दुसऱ्याला कान लावला. काही नाही. तिसऱ्याला लावला, चौथ्याला लावला. सगळे गप्प. सगळे ओंडके एकदम तयार होतात होय? असं तिच्या सासूच्या काळातही झालं नव्हतं. तेवढ्यात तिचं लक्ष सुनेकडे गेलं. ती सातव्या ओंडक्याला कान लावून तालात मान हलवत होती.

ओंडकेवालीला उमगलं. गाणं थांबलं नव्हतं, तिचा कान गेला होता. माणसांचं बोलणं व्यवस्थित ऐकू येई, पण तो बारीक सूर कधी नाहीसा झाला, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. कान नाही तर ओंडकेवाली कसली? छिन्नी काढून घेतील आणि भाजी निवडायला बसवतील. ती तिथेच खाली बसली. डोळे भरून आले, ते सुनेपासून लपवायचंही सुचलं नाही.

सून शेजारी येऊन बसली. “आई, दुसऱ्या ओंडक्याचं गाणं मंद होत चाललंय. दुपारी थांबेल. मी ऐकते, आणि थांबलं की खूण म्हणून तुमचा पाय दाबते. कुणाला कळायचं नाही.”

मोह झाला तिला, खोटं कशाला बोला. पण ती म्हणाली, “आणि उद्या तू तापाने पडलीस, तर मी सगळ्यांना कडू अळ्या खायला घालू? नको गं बाई.”

दुपारी लोक भांडी घेऊन दारात जमले. सगळ्यांत पुढे ओंडकेवालीची थोरली जाऊ. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात, आणि तिच्या जिभेला हाड नाही. ओंडकेवालीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “मला गाणं ऐकू येत नाही. पहिला ओंडका माझ्यामुळे वाया गेला. यापुढे ऐकेल माझी सून. पण फोडणार मी, हात शाबूत आहेत माझे.”

जाऊबाई म्हणाल्या, “बरं झालं बाई. तुझ्या सुनेने परवा साधा भोपळा कापताना सुरी मोडली. तिच्या हाती छिन्नी दिलीस तर कोठार पाडेल ती.” सगळे हसले. सूनही हसली.

सुनेने दुसऱ्या ओंडक्याला कान लावला. ओंडकेवालीने छिन्नी टेकवली आणि हातोडी उचलली. वेळ जाईना. हात भरून आला, तशी ती वैतागली. “अगं, आत काय चाललंय ते सांगशील की नाही? इथे मी ठोंब्यासारखी उभी!”

सुनेला सांगता येईना. मग ती जे ऐकत होती तेच आपल्या जाड्याभरड्या आवाजात गुणगुणू लागली. किती बेसूर! पण ते गाणं होतं, तेच होतं, आणि ओंडकेवालीला ऐकू येत होतं.

“शेवटचा सूर वर जातो गं,” ती न राहवून म्हणाली.

“आता नाही जात, आई. आता खाली येतोय.”

ओंडकेवाली चपापली. थांबायच्या आधी तो सूर खाली येतो, हे तिने सुनेला कधीच सांगितलं नव्हतं. पोरीचा कान खरा होता. तिने हातोडी घट्ट धरली. गुणगुण खाली आली, आणखी खाली आली, आणि सून गप्प झाली.

घाव बसला. ओंडका मधोमध दुभंगला, आणि आत पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या अळ्या वळवळत होत्या. बायकांनी भांडी पुढे केली.

“चल, तिसऱ्याला कान लाव,” ओंडकेवाली म्हणाली. “आणि जरा मोठ्याने गा.”