एका घराचं तिकीट

रविवारच्या सहलीचा बेत आखावा तर रंगाऱ्यानंच. या बाबतीत त्याचा हात धरणारा दुसरा माणूस नव्हता. गाडी किती वाजता सुटते हे काय, फळ्यावर वाचून कोणीही सांगेल. पण सकाळच्या गाडीत कुठल्या बाजूला ऊन येत नाही, कुठल्या स्टेशनावरच्या नळाला खरंच पाणी असतं, कुठल्या बागेत शिरायला पैसे पडतात आणि कुठल्या तळ्याकाठी दिवसभर फुकट बसता येतं, परतताना कुठला डबा रिकामा मिळतो, हे सगळं त्याला तोंडपाठ. त्याचा मेहुणा त्याला ‘टाइमटेबल’ म्हणायचा, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

ही विद्या तो कुठे शिकला, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी रंगाच्या कारखान्यातली त्याची नोकरी गेली. गेली तर गेली. नोकऱ्या कोणाच्या जात नाहीत? घरी येऊन सांगितलं असतं तर दोन दिवस तोंडं उतरली असती, तिसऱ्या दिवशी बायकोनंच कुठेतरी शब्द टाकला असता. पण वाईट बातमी द्यायची म्हटलं की या माणसाची जीभ टाळ्याला चिकटते. उद्या सांगू, परवा सांगू करत हा गडी पाच महिने रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडला. रेल्वेचा पास काढायचा, मिळेल त्या गाडीत बसायचं, कुठल्यातरी तळ्याकाठी डबा खायचा आणि संध्याकाळी घामाघूम होऊन घरी यायचं. वर कारखान्यातल्या गमतीजमती सांगायच्या, त्याही पदरच्या. एक दिवस छत्री विसरला म्हणून बायको ती द्यायला कारखान्याच्या फाटकाशी गेली, आणि तिथल्या रखवालदारानं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं रंगाऱ्याला पुढे कितीदा वाटलं. ती एवढंच म्हणाली की नोकरी गेल्याचं मला काही नाही, पण पाच महिने मी तुम्हाला दुपारी भूक लागेल म्हणून एक पोळी जास्त घालत होते. त्यानंतर महिन्याभरात तो एका खोलीत राहायला गेला. ती आणि दोन मुलं जुन्याच घरात राहिली. ती दातांच्या दवाखान्यात नंबर लावायच्या खिडकीशी बसायची, तेवढ्यावर घर चालायचं. हा लोकांची घरं रंगवून जमेल तसे पैसे आणून द्यायचा.

आणि महिन्यातून एक रविवार त्याचा. त्यातही घोडं अडलं ते भाड्यापाशी. चौघांचं जाऊन-येऊन तिकीट काढायचं तर सहल राहिली बाजूला, आठवडाभराचा बाजार आला असता. तेव्हा रेल्वेचं रविवारचं कुटुंब तिकीट त्यानंच शोधून काढलं. दोन मोठी माणसं, तीनपर्यंत मुलं, दिवसभर कुठेही हिंडा, पैसे जेमतेम दीड तिकिटाचे. अट एकच, मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली: प्रवास करणारे सगळे एकाच घरात राहणारे हवेत.

बायकोनं ते वाचून भुवई उंचावली होती. तो म्हणाला, कागदावर माझा पत्ता अजून तोच आहे की. पण नुसत्या कागदावर भागणार नाही म्हणून त्यानं मुलांना शिकवून ठेवलं. दर महिन्याला फलाटावर, गाडी यायच्या आधी, उजळणी व्हायची. टीसीनं विचारलं तर काय सांगायचं? थोरली अकरा वर्षांची. ती बुटाच्या टोकाकडे बघत अर्ध्या ओठात काहीतरी पुटपुटायची. धाकट्याला सगळे ढब्बू म्हणत, वय वर्षं सहा. तो मात्र छाती काढून अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं सांगायचा, “आम्ही सगळे एकाच घरात राहतो. आई, ताई, मी आणि बाबा.” रंगारी त्याच्या पाठीवर थाप मारायचा. नऊ महिन्यांत नऊ सहली झाल्या आणि टीसी एकदाही फिरकला नाही. तरी उजळणी चुकली नाही. खरं सांगायचं तर ती मुलासाठी नव्हतीच. ते वाक्य ऐकायला रंगाऱ्यालाच गोड लागायचं.

या दहाव्या रविवारी त्यानं मनाशी ठरवलं होतं की आज विचारायचं. घरी येऊ का, एवढंच. काम बरं चाललं होतं. बायको हल्ली सहलीत हसायची, मागच्या वेळी तर तिनं त्याच्या बाहीवरचा वाळलेला रंग नखानं खरवडून काढला होता. तेवढ्या नखभर गोष्टीवर त्यानं महिनाभर इमले बांधले. तळ्याचं स्टेशन निवडलं, सावलीतला बाक कुठला ते ठरवलं आणि सकाळी उठून शर्टाला इस्त्री केली.

बाक रिकामाच मिळाला. उकडलेली अंडी, ब्रेड आणि केळी खाऊन मुलं पाण्यात खडे मारायला पळाली. रंगाऱ्यानं घसा साफ केला. पण बायको आधी बोलली.

ढब्बूच्या बाईंनी तिला शाळेत बोलावलं होतं. तो वर्गात सांगतो की माझे बाबा रात्रपाळीला असतात. मी झोपलो की घरी येतात आणि मी उठायच्या आत जातात. एवढ्यावर थांबता तर वेगळं. घरी तो रोज झोपताना पलंगाच्या अगदी कडेला सरकतो, जागा ठेवायला म्हणून, आणि दोनदा खाली पडलाय. एकदा कपाळाला खोक पडली, ती केसांखाली झाकली गेली म्हणून त्याला दिसली नव्हती इतकंच. तिनं त्याला जवळ घेऊन नीट सांगून पाहिलं, बाबा आता दुसरीकडे राहतात. एकदा नाही, चारदा. पालथ्या घड्यावर पाणी.

“काय म्हणतो माहितीये?” ती म्हणाली. “म्हणतो, बाबा टीसीला सांगायला सांगतो ना, आपण एकाच घरात राहतो म्हणून. बाबा खोटं कशाला सांगेल?”

रंगारी तळ्याकडे बघत राहिला. कारखान्याच्या फाटकाशी बायको छत्री घेऊन उभी होती, हे त्यानं दीड वर्ष डोळ्यांसमोर आणायचं टाळलं होतं. आता पोरगं त्याच फाटकाशी उभं होतं, आणि त्याला तिथे नेऊन उभं करणारा बापच.

तिनं पुढचंही सांगून टाकलं. ती म्हणाली की तुम्ही आज काय विचारणार ते मला शर्टाच्या इस्त्रीवरूनच कळलं. त्याचं उत्तर नाही असं आहे. राग आता उरला नाही, सहली मलाही आवडतात. पण तुम्ही काही सांगितलंत की ते खरं असेल का, हे मी रात्री पडल्या पडल्या मोजत बसायचे, आता मला झोप लागते. ती झोप मला परत घालवायची नाही. हे सगळं ती अगदी हळू बोलली, आणि बोलताना अंड्यांची टरफलं कागदात गोळा करत होती.

“पण त्याला तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “माझ्यावर त्याचा विश्वास नाही. तुमच्यावर आहे.”

सांगतो म्हणाला. घरचं स्टेशन यायच्या आत सांगतो. तिनं मान हलवली, पण ती मान ‘बघू’ अशी हलली. चूक तिची नव्हती.

त्यानं प्रयत्न केला हो. तळ्याला वळसा घालताना त्यानं ढब्बूचा हात धरला आणि म्हणाला, हे बघ, तुला एक गोष्ट सांगायची आहे. ढब्बूनं मान वर केली. त्या तोंडाकडे बघून रंगाऱ्यानं त्याला पाणकोंबडी पाण्याखाली किती वेळ राहते ते सांगितलं. दुसऱ्यांदा स्टेशनाच्या जिन्यावर त्यानं धीर केला, तर गाडीच्या डब्यांची संख्या सांगून मोकळा झाला. तिसऱ्या वेळी गाडीत बसल्यावर तोंड उघडलं, तेवढ्यात पोरानं विचारलं की पुढच्या महिन्यात कुठे जायचं, आणि याच्या तोंडून दोन स्टेशनांची नावं निघूनही गेली. वेळ मारून नेण्यात आयुष्य गेलेलं, ते एका दुपारीत कसं सुटणार? बायको खिडकीबाहेर बघत होती. घरचं स्टेशन पाच थांब्यांवर आलं होतं.

आणि नेमकी टीसी आली. नऊ महिने नाही ती आज. मध्यम वयाची बाई, खांद्यावर पिशवी, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले. रंगाऱ्यानं तिकीट पुढे केलं. तिनं उलटून मागची बाजू वाचली, चौघांवरून नजर फिरवली. संशय घेण्यासारखं काही नव्हतंच. तरी नेमाप्रमाणे तिनं विचारलं, “सगळे एकाच घरातले ना?”

थोरलीनं लगेच बुटाकडे बघायला सुरुवात केली. ढब्बू मात्र टुणकन बाकावर उभा राहिला. या क्षणासाठी बिचारा नऊ महिने तयारी करत होता.

“आम्ही सगळे एकाच घरात राहतो,” त्यानं खणखणीत सांगितलं. “आई, ताई, मी आणि बाबा.”

टीसी बाई हसल्या. वा, असं सांगावं, म्हणत त्यांनी त्याचा गाल धरला आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा काढला. संपलं होतं. आणखी एक सेकंद गप्प बसलं की झालं. गप्प बसायला तर या माणसाला कधी कष्ट पडले नव्हते. बायको अजून बाहेरच बघत होती, पण तिचा हात पोराच्या पाठीशी गेला होता, पडू नये म्हणून.

“नाही बाई,” रंगारी म्हणाला. “हे तिघं एका घरात राहतात. मी वेगळा राहतो.”

टीसी बाईंचा हात तसाच राहिला. पलीकडच्या बाकावरचा म्हातारा वर्तमानपत्र खाली करून बघायला लागला. बायकोनं मान वळवली.

ढब्बूला आधी वाटलं, बाबा विसरला. मोठी माणसंही विसरतात. तो वाकून बापाच्या कानाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजला, “बाबा, असं नाही सांगायचं. चुकलास तू.”

“नाही रे राजा,” रंगारी म्हणाला. “इतके दिवस चुकत होतो. मी तुमच्या घरी राहत नाही. रात्रीचाही येत नाही. पलंगावर माझ्यासाठी जागा ठेवू नकोस, नीट मध्ये झोप. आईनं सांगितलं ते खरं. मी तुला शिकवलं ते खोटं होतं.”

एवढं तो एका दमात बोलला. दम घेतला असता तर पुढचं आलं नसतं. ढब्बूनं आईकडे बघितलं, मग ताईकडे. ताई म्हणाली, हो. एवढाच शब्द, पण तोही तिच्या पोटात वर्षभर साठलेला असणार, कारण तो म्हणताना तिचे डोळे भरून आले.

टीसी बाई कानकोंड्या झाल्या. मी पुढे गेलेच होते हो, असं त्या दोनदा म्हणाल्या. पण चारचौघांत ऐकलं म्हटल्यावर त्यांचाही इलाज नव्हता. कुटुंब तिकीट त्यांनी बायकोच्या हातात दिलं, ते तिघांसाठी चालत होतं. रंगाऱ्याला दंडासकट वेगळी पावती फाडावी लागली. किती माणसं, असं त्या सवयीनं विचारून गेल्या आणि मग स्वतःच ‘एक’ लिहिलं. बायकोनं पर्स उघडली होती. त्यानं मानेनंच नको म्हटलं आणि घर रंगवून मिळालेली एक नोट पुढे केली.

ढब्बू रडला. भोकाड पसरलं असतं तर निस्तरता आलं असतं. तो आईच्या कुशीत तोंड घालून, आवाज न करता रडला, आणि बापानं पाठीवर ठेवलेला हात त्यानं झटकून टाकला. रंगाऱ्यानं तो हात परत नेऊन आपल्या गुडघ्यावर ठेवला. त्याला लाज वाटली, भीती वाटली, आणि आपण आता या मुलाला कायमचे मुकलो असंही वाटलं. तीन थांबे असे गेले.

मग ढब्बूनं नाक पुसलं आणि तोंड बाहेर काढलं. बापाकडे न बघता त्यानं विचारलं की मग तू कुठे राहतोस. एक खोली आहे, रंगारी म्हणाला. तिथे कोण असतं? कोणी नाही. ढब्बू विचार करत बसला. बाहेर गोदामांच्या लांबच लांब भिंती जात होत्या.

“मग तुला जेवायला कोण देतं?”

“मीच करतो.”

“येतं तुला?”

वेळ मारून न्यायला हा प्रश्न किती सोपा होता. मस्त येतं, एकदा ये बघायला, असं म्हणून दोघंही हसली असती. रंगाऱ्याच्या ओठांवर ते आलंही होतं.

“नाही रे,” तो म्हणाला. “कधी करपतं, कधी कच्चं राहतं.”

ढब्बू आईजवळून उठला, मधली जागा ओलांडून बापाच्या मांडीत येऊन बसला आणि त्याचा इस्त्रीचा शर्ट दोन्ही मुठींत धरून पुन्हा रडायला लागला. आधी तो स्वतःसाठी रडला होता, आता बापासाठी.