तिरका उजेड

मित्रांनो, मी एक जुनी पितळी बॅटरी आहे. बॅटरी म्हटले की तुम्ही लगेच मोबाईल उलटा करून त्याचे पोट बघाल. मी ती नव्हे. तीन जाडे सेल पोटात घालून, अंगठ्याने बटण पुढे सरकवले की उजेड टाकणारी, हातभर लांबीची मी. पुस्तकात मला विजेरी म्हणतात म्हणे, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. सध्या माझा मुक्काम मावळातल्या भाजे गावात, चैतालीच्या घरी, कपाटाखालच्या पत्र्याच्या डब्यात आहे. सोबतीला एक गंजका अडकित्ता आणि कुलूप हरवलेल्या चार किल्ल्या आहेत. त्यांच्याशी माझे पटत नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलते.

माझा जन्म कारखान्यातला. पितळेचा पत्रा वळवून माझे अंग केले, वर चकचकीत मुलामा दिला, तोंडाला काच बसवली. त्या दिवसांचे मला फारसे आठवत नाही. तुम्हाला तरी बारशाचे कुठे आठवते? मला आठवतो तो निवृत्तीभाऊंचा हात. ते मळवलीला रेल्वेत गँगमन होते. ऊन असो की धुके, ते रुळांवरून चालत जायचे आणि मी त्यांच्या काखेतल्या पिशवीत असायची. बोगद्याच्या सावलीत, पुलाखालच्या अंधाऱ्या जागी ते मला बाहेर काढत. रुळाला केसाएवढी चीर गेली असली तरी ती मी दाखवत असे. तुम्ही म्हणाल, फुशारकी मारते. थोडी मारते. पण माझ्यामुळे किती गाड्या सुखरूप गेल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण ते मी तरी का विसरू?

निवृत्तीभाऊंची मला धरण्याची एक खास रीत होती. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या बायकोला, भामाबाईंना, त्यांनी ती एकदा दाखवली होती.

"चीर बघायची तर उजेड समोरून मारायचा न्हाई. रुळाला लगटून तिरका सोडायचा. समोरून समदं गुळगुळीतच दिसतंय."

"आन माणसाचं बी तसंच का वो?" भामाबाईंनी विचारले होते. त्यावर दोघे खूप हसले.

निवृत्तीभाऊ निवृत्त झाले आणि चार वर्षांतच गेले. माझा मुलामा तोवर त्यांच्या हाताने झिजून आतले पितळ उघडे पडले होते. भामाबाईंनी माझ्या पोटातले सेल काढले, मला जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळले आणि फळीवर ठेवले. सेल तसेच राहिले असते तर ते पाझरून मी आतून कुजले असते. तेवढी माया त्यांनी केली, पण वापर काही केला नाही. सहा वर्षे मी काळोखात काढली. उजेड देणाऱ्याने काळोखात पडून राहणे म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

भामाबाई तेव्हा गावावरच्या डोंगरातल्या लेण्याच्या पायऱ्यांशी काकडी आणि ताक विकत. शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड, एरवी माकडांची. एका गुरुवारी तिथे तळेगावची आठदहा ज्येष्ठ मंडळी आली. त्यांच्या पुढारी होत्या कौमुदीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. दर महिन्याला आसपासची एक जागा बघायची, तिथे काहीतरी नवे शिकायचे, असा त्यांचा नेम होता. आणखी एक नियम होता. त्या गावचे एक माणूस सोबत घ्यायचे आणि त्याला पुढे चालू द्यायचे. त्या दिवशी ते माणूस भामाबाई ठरल्या.

"मला काय येतंय, बाई? मी साळंचं त्वांड बगितलं न्हाई," भामाबाई म्हणाल्या.

"तुम्ही डोंगर बघितलाय ना? आम्ही तोच बघायला आलोय," कौमुदीबाई म्हणाल्या.

झाले. त्या दिवसापासून भामाबाई त्या मंडळींतल्याच होऊन गेल्या. वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी वलवणचे धरण पहिल्यांदा पाहिले. इतकी वर्षे इतक्या जवळ राहून पाहिले नव्हते. सोमाटण्याजवळच्या टेकडीवर त्यांनी मंडळींना पाच रानभाज्या ओळखायला शिकवल्या. आणि कौमुदीबाईंनी त्यांना शिकवली ती लेण्यांवरची दोन हजार वर्षांपूर्वीची लिपी, ब्राह्मी. मित्रांनो, गंमत बघा, भामाबाईंना 'ग म भ न' येत नव्हते, पण ही अक्षरे त्यांनी चार महिन्यांत गिळली. "ग म्हंजी खोपीचं छप्पर. ठ म्हंजी भाकर. र म्हंजी नुसती काठी. ह्यात अवघड काय हाय?" असे त्या म्हणत. शेजारी मक्याची कणसे भाजणाऱ्या झुंबरबाई त्यांना हसायच्या. "हिला यष्टीची पाटी वाचाय येत न्हाई, आन ही लेणं वाचती!"

वाचत होत्याच. आणि वाचायला लागल्या म्हणूनच पुढचे दुःख झाले.

मुख्य लेण्यापासून बाजूला, करवंदीच्या जाळीमागे, कातळात कोरलेले पाण्याचे एक लहानसे टाके आहे. तिकडे कुणी फिरकत नाही. एका फेरीत कौमुदीबाईंना टाक्याच्या काठावर अक्षरांसारखे काही दिसले. सगळ्यांनी मोबाईलचे झगझगीत उजेड त्यावर मारले. कातळ नुसता पांढरा दिसला.

"थांबा," भामाबाई म्हणाल्या, आणि उतरून घरी गेल्या. सहा वर्षांनी माझ्या पोटात नवे सेल पडले. त्यांनी मला कातळाला लगटून तिरके धरले, अगदी निवृत्तीभाऊ धरायचे तसे. आणि मित्रांनो, सावल्या उठल्या! एकेक अक्षर जागे झाल्यासारखे वर आले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातली ती एकच शाबासकी.

कौमुदीबाईंनी वाचले, "भिखुनिया दानं. म्हणजे भिक्षुणीचं दान. हे टाकं एका भिक्षुणीनं खोदवून दिलंय. तिचं नाव याच्या आधी असणार."

आधी मात्र काही नव्हते. तिथे कातळाला एक गुळगुळीत खळगा पडला होता, पन्हळीसारखा.

"इथं कुणीतरी वर्षानुवर्षं काहीतरी घासलंय," कौमुदीबाई म्हणाल्या.

"गावातल्या अडाण्यांनी वाट लावली, दुसरं काय!" त्र्यंबकराव म्हणाले. ते निवृत्त इंजिनियर, मनाने वाईट नव्हते, पण त्यांची जीभ फार सैल. माझा उजेड एकदम हलला. भामाबाईंनी मला खळग्यावरून बाजूला वळवले होते. कुणाच्या ते लक्षात आले नाही. मला कळले, कारण मी त्यांच्या हातात होते.

त्या रात्री भामाबाई जेवल्या नाहीत. नात चैतालीने दोनदा विचारले, तर "भूक न्हाई" एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मला घेऊन एकट्याच वर गेल्या. टाक्याशी बसल्या, खळग्यात बोट फिरवले आणि मला म्हणाल्या, "माज्याच इळ्यानं गेलं गं."

लग्न होऊन त्या भाज्याला आल्या तेव्हा पोरसवदाच होत्या. डोंगरावर गवत कापायला सुना जायच्या. विळ्याची धार गेली की पाणी आणि कातळ दोन्ही एकाच जागी असलेले ठिकाण हेच. रोज दहा-बारा विळ्यांना तिथे घासून धार लागे. अक्षरांची ती बारीक खरवड त्यांना तेव्हाही दिसली होती. बकऱ्यांच्या खुरांचे ओरखडे असतील, असे वाटले होते. भामाबाईंचे सासरे छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेले. दर पौर्णिमेला लेण्यात मेणबत्ती लावणारे घर. "मामांनी दीक्षा घ्यातली, आन त्येंच्या सुनंनं भिक्षुणीचं नाव पुसलं," असे म्हणून त्या रडल्या. मी पेटलेलीच होते. मला विझवायचेही त्यांना सुचले नाही.

मग तीन महिने आमचा एकच उद्योग झाला. ते नाव शोधायचे. रोज दुपारी त्या मला त्या खळग्याला लगटून धरायच्या. डावीकडून, उजवीकडून, खालून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी पापण्या आवळून बघायच्या. मी जीव तोडून उजेड टाकला. चीर असती तर मी दाखवली असती हो! पण जिथे काहीच उरले नाही, तिथे सावली कशाची पडणार? एकदा त्यांना एका 'न'चा भास झाला. दुसऱ्या दिवशी तोही सापडला नाही.

शेवटी मंडळी पुन्हा आली तेव्हा भामाबाई टाक्यापाशी उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तरमकराव, तुमी म्हनला त्ये अडाणी मीच. आमी हितं इळं लावायचो."

त्र्यंबकरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "माझं चुकलं, भामाबाई," ते हळू म्हणाले.

कौमुदीबाई भामाबाईंचा हात धरून म्हणाल्या, "तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं."

"न्हवतं सांगितलं, ह्ये खरं. पर तिचं नाव गेलं त्ये गेलंच की."



त्यानंतर एका दुपारी भामाबाईंनी पदराची सेफ्टी पिन काढली आणि माझ्या उघड्या पितळेवर, बटणाच्या शेजारी, सावकाश अक्षरे कोरली. प्रत्येक अक्षर कोरताना मोठ्याने म्हणाल्या. मला दुखले नाही. त्यांनी कोरले होते, ब्राह्मीत, 'भामाया दानं'. भामाचे दान. आयुष्यभर अंगठा उठवणाऱ्या बाईने लिहिलेली ती पहिली आणि शेवटची ओळ. "आता तू कौमुदीबायच्या मंडळींची," त्या मला म्हणाल्या. "फुडच्या गुरवारी देती तुला. लोकं नुसता समोरून उजेड मारत्यात."

पुढच्या गुरुवारी त्या उठल्याच नाहीत. सकाळी चैताली चहा घेऊन गेली, तेव्हा अंग गार पडले होते.

कौमुदीबाई भेटायला आल्या होत्या. मी या डब्यात होते आणि त्या माझ्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या. आजीची एखादी आठवण दाखव, असे त्यांनी म्हटले नाही आणि चैतालीला सुचले नाही. मी काय करणार? माझ्या पोटातले सेल चैतालीने काढले होते. असते तरी माझे बटण मी स्वतः सरकवू शकत नाही. आता कौमुदीबाईंचे गुडघे चालत नाहीत, त्या डोंगराकडे येत नाहीत.

चैताली वाईट मुलगी नाही, हे मुद्दाम सांगते. लोणावळ्याला हॉटेलात दिवसभर राबते, तरी दर बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मला डब्यातून काढते आणि चिंच लावून घासते. घासताना तिचे डोळे भरतात. "आजीनं कुठं खरवडली कुणास ठाऊक," असे म्हणते आणि त्या ओरखड्यांवर जरा जास्तच जोर देते. पहिल्या वर्षी 'भा' पुसट झाला. मागच्या वर्षी 'मा' गेला. आता माझ्या अंगावर 'या दानं' एवढेच उरले आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून लख्ख ठेवा, असे तुम्हाला घरी सांगतील. जरूर ठेवा. पण चिंच हातात घेण्याआधी ती वस्तू एकदा खिडकीशी न्या आणि तिच्यावर उजेड तिरका पडू द्या. काही दिसले आणि वाचता आले नाही, तर ज्याला येते त्याला विचारा. आपल्याला वाचता येत नाही म्हणून ते ओरखडे ठरत नाहीत.

उद्या बुद्धपौर्णिमा. चैतालीने सकाळीच चिंच भिजत घातली आहे.