काळ्या तळहातांचा चौक

रविवारची प्रार्थना संपली, की आमच्या पुएर्तो आल्बारचा चौक माणसांनी भरून जायचा. भर उन्हात, उघड्या डोक्यानं, कोळी, ट्रकवाले, बायाबापड्या, पोरंसोरं रांगेनं चौकाला फेऱ्या घालत. सगळ्यांचे तळवे आभाळाकडे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, अख्खं गाव भीक मागायला निघालंय.

रांगेच्या तोंडाशी कार्मेनच्या माउलीची, म्हणजे मारियामातेची, मूर्ती आणि मूर्तीच्या बाजूला भाऊ एव्हेलिओ. पांढरा झगा, पांढरे हातमोजे. येणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर तो कापसाच्या बोळ्यानं ‘माउलीचे अश्रू’ लावायचा आणि नाकातून बोलायचा, “पाण्याची पिशवी दातानं फोडलीस, पाणी प्यायलास, आणि पिशवी कुठं टाकलीस? माउलीच्या पायाशी. तिच्या लेकानं तुझ्यासाठी रक्त सांडलं, तू तिच्यासाठी प्लास्टिक सांडलंस. जा, ऊन दाखव हाताला. पापी असशील तर ती खूण करील.”

आणि खूण व्हायची. सगळ्यांचे तळवे कोरे राहायचे, एखाद्याचाच आधी करडा, मग तपकिरी आणि शेवटच्या फेरीपर्यंत कोळशासारखा काळा. साबणानं जायचा नाही, रॉकेलनं जायचा नाही.

हे खूळ आमच्या गावात का रुजलं, तेही सांगायला हवं. चौकाचा उकिरडा झाला होता. पाण्याच्या रिकाम्या पिशव्या, नारळाच्या कवट्या, बिअरचे डबे, तळलेल्या मासळीचे तेलकट कागद. कचऱ्याचा ट्रक नादुरुस्त होऊन नगरपालिकेच्या मागच्या अंगणात गंजत पडला होता. कचरापेट्या कुणीतरी उचकटून नेल्या होत्या. गटारं तुंबली, डास माजले, डेंग्यूनं पोरं दगावली. नगराध्यक्षांकडे खेटे घालून लोक दमले. त्यात हा एव्हेलिओ कुठूनसा आला आणि म्हणाला, नगराध्यक्ष नाही तर नाही, माउली बघेल. पहिला हात काळा पडला आणि महिन्याभरात चौक आरशासारखा लख्ख झाला. लोक केळ्याचं सालसुद्धा खिशात घालून घरी नेऊ लागले.

मी अनिबाल, चौकाच्या कोपऱ्यावरचा शिंपी. माझा माउलीवर राग नाही. पण एव्हेलिओवर माझा काडीचाही विश्वास बसला नाही. कारण ज्यांचे हात काळे पडायचे, ते सगळे चौकातल्या सावलीच्या मोक्याच्या जागांवर धंदा करणारे निघायचे, आणि आठवडा संपायच्या आत त्या जागी एव्हेलिओचे चेले टपऱ्या टाकून बसलेले असायचे. माउलीला नेमकी सावलीतलीच माणसं पापी का दिसतात, हे मी दुकानात आलेल्या दोघाचौघांना विचारून पाहिलं. त्यांनी कपडे परत मागितले.

सुरुवातीला काळ्या हाताच्या माणसाला नुसतं हाकलायचे. मग थुंकू लागले. मग रोस्मीराची पाळी आली.

रोस्मीरा साठीची बाई. बदामाच्या झाडाखाली थर्मास घेऊन बसायची, काळी गोड कॉफी विकायची. त्या रविवारी चौथ्या फेरीला तिच्या मागचा माणूस ओरडला आणि तिनं आपला तळहात पाहिला. तिला काही बोलायला वेळच मिळाला नाही. कुणीतरी तिचाच थर्मास उचलून तिच्या डोक्यात घातला. उकळती कॉफी मानेवरून पाठीत गेली. ती पडली, तसे बूट सुरू झाले. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसून गाणारी माणसं होती ती. एकानं कुठूनशा पाण्याच्या रिकाम्या पिशव्या आणून तिच्या तोंडात कोंबल्या. “खा आता आपला कचरा,” असं तो शांतपणे म्हणत होता, पोराला औषध पाजावं तसं.

मी आणि डॉक्टर बेत्साबे ओरोस्को, आम्ही दोघांनी तिला ओढून बाहेर काढलं. बेत्साबे दातांची डॉक्टर, माझ्या दुकानाच्या वरच तिचा दवाखाना. रोस्मीराचे पुढचे दात मोडले होते, ओठ फाटला होता. बेत्साबेनं जखम शिवली, आणि मग बराच वेळ तो काळा हात उलटापालटा करून पाहत राहिली. मला वाटलं, तीही घाबरली.

ती म्हणाली, “अनिबाल, ही माउलीची खूण नाही. ही माझ्या कपाटातल्या बाटलीची खूण आहे.”

तिनं मला तपकिरी काचेची एक बाटली दाखवली. सिल्व्हर नायट्रेट, चांदीचा क्षार. लहान मुलांच्या किडलेल्या दातांना ती ते लावते, म्हणजे कीड थांबते. दिसायला पाण्यासारखं. पण थेंब बोटावर सांडला आणि बोटाला ऊन लागलं, की कातडी काळी पडते, आणि ती कातडी झडेपर्यंत डाग हटत नाही.

“फेऱ्या उन्हातच का, तळवे वरच का, आता कळलं?” ती म्हणाली. “माउलीला नाही, त्याला ऊन लागतं.”

ती आधी फादरकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, लेकरा, चौक किती स्वच्छ झालाय बघ, श्रद्धेला असा एकदम धक्का देऊ नये. मग ती नगराध्यक्षांकडे गेली. ते खूश होते. ट्रक दुरुस्त न करता गाव झाडून मिळत होतं. बाजारात तिनं लोकांना समजावायला तोंड उघडलं, तर मासळीवाली म्हणाली, “दात काढून पोट भरेना, म्हणून बाई आता देव काढायला निघाल्यात.” सगळा बाजार हसला. त्याच रात्री दवाखान्याच्या काचा फुटल्या.

पुढच्या रविवारी निकासिओ गेला.

निकासिओ खांद्यावर पोतं टाकून गावभर डबे-बाटल्या वेचायचा. एव्हेलिओ यायच्या आधी या चौकातला थोडाफार कचरा कुणी उचलला असेल, तर त्यानं. बोलायला जरा तोतरा, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. टपरीसाठी हिसकावावी अशी जागा त्याच्याकडे नव्हती, पण एव्हेलिओचा एक चेला मूर्तीमागं डबे फेकताना त्यानं पाहिला होता आणि ते चारचौघांत सांगितलं होतं. एवढं पुरलं.

त्याचा हात काळा पडला तेव्हा तो हसला. त्याला वाटलं, आपले हात तर नेहमीच काळे असतात. त्यानं तो अर्ध्या चड्डीला पुसला आणि पुन्हा पाहिला. पहिला दगड कानशिलावर बसला. तो पोतं छातीशी धरून खाली बसला, आणि त्यांनी ते पोतं हिसकावून त्याच्यावर रिकामं केलं. मग फावडं आलं, लोखंडी सळई आली. मी आत घुसलो. कुणाच्या तरी कोपरानं माझी बरगडी मोडली आणि मी बाकाखाली पडलो. तिथून मला नुसते पाय दिसत होते आणि पायांच्या मधून निकासिओचं तोंड. तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. पहिलं अक्षर जुळेना. ते जुळायच्या आत फावडं खाली आलं.

मग सगळे थांबले. एक बाई रडू लागली. एव्हेलिओ पुढं आला, प्रेताच्या डोक्याशी उभा राहिला आणि म्हणाला, “माउलीनं आपलं अंगण झाडलं.” लोकांनी गुडघे टेकले. नंतर त्यांनी डबे वेचले, बादल्या आणून फरशीवरचं रक्त धुतलं, झाडू मारला. संध्याकाळी चौक पुन्हा लख्ख. पोलीस आले, म्हणाले, गर्दीचं काम, नाव कुणाचं घालणार, आणि कॉफी पिऊन गेले.

बेत्साबे त्या आठवड्यात कुणाशी वाद घालत बसली नाही. ती खिडकीशी उभी राहून एव्हेलिओचं निरीक्षण करायची. शनिवारी ती मला म्हणाली, “उद्या मी रांगेत उभी राहणार.”

मी म्हणालो, “डॉक्टरीणबाई, तुमचा हात तो नक्की काळा करणार.”

“करू दे. त्याचसाठी चाललेय.”

रविवारी ती रांगेत शिरली तसे लोक दोन पावलं मागं सरले. मी बरगडीला फडकं बांधून तिच्या मागं. एव्हेलिओनं तिला पाहिलं आणि त्याचा आवाज गोड झाला. मूर्तीच्या पायाशी पाण्याचं भांडं होतं, त्यात त्यानं बोळा बुडवला नाही. झग्यात हात घालून दुसरा बोळा काढला आणि तिच्या तळहातावर अगदी मनापासून चोळला.

बेत्साबेनं खिशातून जखमेवरची चिकटपट्टी काढली आणि त्या ओल्या तळहातावर आडवी चिकटवली. एव्हेलिओ म्हणाला, हे काय? ती म्हणाली, “हाताला थोडी सावली. चालेल ना माउलीला?”

तिनं फेऱ्या घातल्या. कुजबुज वाढत गेली. कुणीतरी सळई फरशीवर आपटू लागलं. शेवटच्या फेरीनंतर ती मूर्तीसमोरच्या कट्ट्यावर चढली आणि हात उंच केला. हात काळाभोर. गर्दीतून गुरगुर उठली, पहिला दगड आला, तिच्या भुवईवर बसला, आणि रक्त डोळ्यात उतरलं. तिनं ते पुसलं नाही. पट्टी धरली आणि एका झटक्यात ओढून काढली.

पट्टीखाली तळहात कोरा होता. काळ्या हाताच्या मधोमध स्वच्छ उजळ आडवा पट्टा, पट्टीच्या कडेइतकाच सरळ.

“ज्याला पाहायचंय त्यानं जवळ या,” ती म्हणाली. “माउलीला माझ्या मनातलं दिसतं म्हणता. मग तिला एका चिकटपट्टीच्या आरपार दिसत नाही का? मी अर्ध्या हातानं पापी आणि अर्ध्या हातानं पुण्यवान आहे का?”

सळईचा आवाज थांबला होता.

एव्हेलिओ हळूच मागं सरकत होता. मी आणि ट्रकवाला होसिआस, आम्ही त्याला धरून कट्ट्यावर चढवलं. होसिआस निकासिओच्या खुनाच्या वेळी गर्दीत होता. झग्याच्या आत शिवलेल्या खिशात तपकिरी बाटली निघाली. बेत्साबेनं ती उघडून काचेच्या पेल्यात थोडं ओतलं, दुसऱ्या पेल्यात मूर्तीसमोरच्या भांड्यातलं पाणी. दोन्ही सारखेच दिसत होते. मग तिनं मासळीवालीकडून चिमूटभर मीठ मागून घेतलं आणि दोन्हींत टाकलं. पाण्याचं काही झालं नाही. दुसरा पेला दूध फाटल्यासारखा पांढरा गढूळ झाला. मासळीवालीनं तो हातात घेऊन वास घेतला आणि खाली ठेवून दिला.

“हातमोजे काढ,” बेत्साबे एव्हेलिओला म्हणाली.

तो काढेना. होसिआसनं ओढून काढले. दहाही बोटं टोकांपासून काळीकुट्ट, नखांच्या आतपर्यंत. साऱ्या गावात इतके काळे हात कुणाचेच नव्हते. हा माणूस बारांकिया शहरात आरशांच्या कारखान्यात होता, याच क्षारानं काचेला चांदी चढवायचा, हे नंतर पोलिसांकडून कळलं. माउलीचे अश्रू त्यानं तिथून पिंपानं आणले होते.

त्यानंतर जे झालं ते मला अजून स्वप्नात दिसतं. तीच माणसं, तेच आवाज, तेच फावडं. एव्हेलिओला कट्ट्यावरून खाली खेचलं. त्याच्या तोंडावर लाथ बसली, दात फरशीवर उडाले. ज्या माणसानं रोस्मीराच्या तोंडात प्लास्टिक कोंबलं होतं, तो आता एव्हेलिओच्या तोंडात त्याचा हातमोजा कोंबत होता, तसाच शांतपणे.

बेत्साबे मध्ये शिरून एव्हेलिओवर आडवी पडली. फावड्याचा दांडा तिच्या खांद्यावर बसला तरी ती त्याच्या अंगावरून उठली नाही. रक्तानं एक डोळा मिटलेला, दुसऱ्यानं ती वर उभ्या माणसांकडे पाहत होती.

“थांबा,” ती म्हणाली. “तो लबाड होता, त्यानं हात काळे केले. दगड त्यानं मारले नाहीत. फावडं त्यानं धरलं नव्हतं. निकासिओला कुणी मारलं? आपापले तळवे बघा. बघा ना. एक तरी काळा पडलाय का?”

माणसांनी खरंच तळवे पाहिले. होसिआसनं पाहिले आणि तो कट्ट्याच्या कडेला जाऊन बसला. फावडंवाल्यानं फावडं कुठं ठेवावं ते न कळून कडेला टेकवलं, जणू कुणाचं तरी मागून आणलेलं होतं.

एव्हेलिओ वाचला आणि तुरुंगात गेला. होसिआस दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी पोलिसांकडे गेला आणि त्यानं सगळी नावं सांगितली, पहिलं आपलं. नगराध्यक्षांनी चौकाबद्दल लांबलचक भाषण केलं.

आणि चौक? तो पंधरवड्यात पुन्हा उकिरडा झाला. लोक मला विचारत, मग तुमच्या डॉक्टरीणबाईंनी काय मिळवलं? मी त्यांना म्हणायचो, चला माझ्याबरोबर. आम्ही पन्नासेक माणसं नगरपालिकेच्या दारात जाऊन बसलो आणि ट्रक दुरुस्त होऊन बाहेर येईपर्यंत उठलो नाही. आता चौकात साखळीनं बांधलेल्या पेट्या आहेत, दिवसाआड ट्रक येतो. तरी कुणी ना कुणी पिशवी टाकतोच. रोस्मीरा कॉफी ओतता ओतता त्याला हाक मारते आणि ती उचलायला लावते. तो कधी उचलतो, कधी शिवी देऊन जातो. त्याचा हात कोराच राहतो, आणि त्याला कुणी मारत नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गावात कुणी येईल. तुमचं खरं दुखणं हेरून त्यावर खोटं औषध देईल, आणि ते औषध काही दिवस लागूही पडेल. तेव्हा एवढंच करा. त्याच्या बाटलीत काय आहे ते विचारा. तुम्हाला उन्हात का उभं करतो ते विचारा. आणि गर्दीनं तुमच्या हातात दगड दिला, तर तो खाली ठेवून मग विचारा.

निकासिओला काय सांगायचं होतं, ते आम्हाला कधीच कळणार नाही.