सोळातली पाच मशिनं

आमच्या गल्लीत पाण्याच्या दिवशी कुणी कुणाच्या दारात जात नाही. पाच दिवसांनी एकदा नळ येतो, त्या तासाभरात सख्खा भाऊ आला तरी त्याच्या हातात आधी बादली द्यायची आणि मग ख्यालीखुशाली विचारायची. चंद्रव्वा नेमकी तेव्हाच आली. मी काही बोलायच्या आत तिनं माझी बादली उचलली, पिंप भरलं, पाइप गुंडाळून ठेवला आणि पदराला हात पुसत म्हणाली, "बाई, कारखान्याचं दिवाळं निघालंय. माझं मशीन आतच अडकलंय की."

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. तेव्हापासून गल्लीत इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो, मग ती बँकेची नोटीस असो नाहीतर मिक्सरची वॉरंटी. त्याचा मला राग येतो. कुणी आलं नाही तर त्याचाही येतो.

चंद्रव्वा अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात टॉवेलांच्या कडा शिवायची. पगार नाही, नगावर मजुरी. जी बाई स्वतःचं शिलाई मशीन आणून बसेल तिला नगामागं थोडे जास्त मिळायचे, म्हणून आईनं दिलेली बोरमाळ मोडून तिनं मशीन घेतलं आणि कारखान्यात नेऊन ठेवलं. आता गेटला सील लागलं होतं. वॉचमन म्हणत होता, आतलं सगळं लिलावात जाणार, तेही याच महिन्यात. आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवायचं काम तिनं बोलून ठेवलेलं. मशीन नाही तर गणवेश नाहीत, आणि गणवेश नाहीत तर वर्षभराची मीठमिरची नाही, इतका सरळ हिशेब होता.

"कागद कुठाय?" मी विचारलं.

"कागद कोर्टात असतोय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही जिल्हा न्यायालयात गेलो. तिथल्या क्लार्कनं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, "बाई, माणसाचं दिवाळं निघालं तर त्याचा अर्ज आमच्याकडे येतो. कंपनीचं निघालं तर ते मुंबईच्या न्यायाधिकरणाकडं. पण तिथं जायची गरज नाही, त्यांचे हुकूम वेबसाइटवर असतात. कंपनीचं नाव टाका, सगळं निघेल."

नाव टाकलं, काहीच निघालं नाही. कारखाना सगळ्या सोलापुरात मालकाच्या आडनावानं ओळखला जातो, गेटवरही तेच रंगवलेलं. ते नाव मी चार प्रकारे टाकलं आणि चारही वेळा संगणकानं मला कोरं पान दाखवलं. मी संगणकाला नाही नाही ते बोलले. चंद्रव्वा मला चहा करून द्यायला आत गेली आणि कपबशी घेऊन आली तेव्हा तिच्या खांद्यावर टॉवेल होता, दिवाळीला कारखान्यानं बायकांना वाटलेला. त्याच्या कोपऱ्यातली पट्टी मी उलटी करून पाहिली. धुण्याच्या सूचनांखाली बारीक अक्षरात उत्पादकाचं नाव होतं आणि ते भलतंच होतं. पाटीवर एक नाव आणि कागदावर दुसरं, ही व्यापाऱ्यांची जुनी रीत; मला आधीच सुचायला हवं होतं.

ते नाव टाकल्याबरोबर हुकुमांची रांग लागली.

मी मराठी करून वाचत गेले आणि चंद्रव्वा मांडी घालून ऐकत राहिली. बँकेनं अर्ज केला, न्यायाधिकरणानं तो दाखल करून घेतला. कारखाना चालवायला कुणी पुढं आलं नाही. मग तो मोडीत काढायचा हुकूम झाला आणि त्या कामासाठी लिक्विडेटर नेमला. "म्हणजे कंपनी मेली," मी म्हटलं, "आणि तिचे दिवस घालायला, कुणाचं काय देणं ते बघून वाटणी करायला हा माणूस नेमलाय."

"मेलेल्याच्या घरात शेजाऱ्याचं भांडं असलं तर ते बी वाटून टाकतेत काय?" चंद्रव्वानं विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर मला पुढच्या एका हुकुमात मिळालं: दुसऱ्याच्या मालकीची वस्तू कंपनीच्या ताब्यात असली तरी ती कंपनीच्या मालमत्तेत धरायची नाही. खरं सांगते, ते वाक्य वाचून मला बरं वाटलं. मुंबईत बसलेल्या ज्या माणसानं ते लिहिलं त्याला चंद्रव्वा माहीत नाही, आमची गल्ली माहीत नाही, तरी त्यानं तिच्यासाठी दार किलकिलं ठेवलं होतं. फक्त ते दार कुठं आहे हे कुणीतरी शोधायला हवं.

मग लिलावाची जाहिरात सापडली. त्यात यादी होती आणि यादीत "शिलाई यंत्रे, १६ नग".

"सोळा?" चंद्रव्वा म्हणाली. "त्यातली पाच आमची हायती. माझं, गुरम्माचं, निंगव्वाचं, आणि दोघी पुण्याला गेल्या त्यांची."

मी पुन्हा पहिला हुकूम उघडला. बँकेनं कर्जापोटी काय काय तारण घेतलं होतं ते त्यात लिहिलेलं: शिलाई यंत्रे, ११ नग. सोळातून अकरा गेले तर पाच उरतात, हे पहिलीतल्या पोरालाही येतं. मी त्याच संध्याकाळी लिक्विडेटरना ईमेल केला, हुकुमांच्या तारखा घालून, शाळेत उत्तरपत्रिका तपासावी तशा बारकाईनं. उत्तर आलं: लिलावाच्या आदल्या दिवशी मी कारखान्यात आहे, मालकीचा पुरावा घेऊन या.

पुरावा म्हणजे पावती. जुन्या बाजारातून घेतलेल्या मशीनला पावती कुठून येणार?

लिक्विडेटरचं नाव अजिंक्य. चाळिशीचा, शांत आवाजाचा, मूळचा टेंभुर्णीचा माणूस. कारखान्याच्या त्या धुळकट हॉलमध्ये तो खुर्ची टाकून बसला होता आणि शेजारी कारखान्याचा जुना मॅनेजर उभा होता. त्यानं चंद्रव्वाकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"साहेब, ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती. मस्टरवर नाव दाखवा म्हणावं. बँकेच्या तारणानंतर कंपनीनं पाच मशिनं आणखी घेतली, एवढंच."

"त्या पाचांची बिलं?" अजिंक्यनं विचारलं.

"असतील कुठंतरी."

इतकी वर्षं चंद्रव्वानं जिथं पाठ मोडून घेतली तिथं ती कधी नव्हतीच म्हणे. मला त्या मॅनेजरचे कान उपटावेसे वाटले, पण तेवढ्यात चंद्रव्वानं पदराच्या गाठीतून मोबाइल काढला आणि एक फोटो पुढं केला.

खंडेनवमीचा फोटो होता. याच हॉलचा. पुढं मशिनांच्या दोन ओळी, त्यांच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूची एकच लांब माळ, आणि ओळींपुढं एकच नारळ. मागं भिंतीला लागून पाच मशिनं. त्या प्रत्येकाला वेगळा हार, प्रत्येकापुढं वेगळा नारळ आणि प्रत्येकामागं एकेक बाई.

"शेटच्या मशिनला आमी नारळ फोडत न्हाय," चंद्रव्वा म्हणाली. "आन् आमच्या मशिनला शेटनं फोडायचा नसतोय. ज्याचं त्यानं पुजायचं."

अजिंक्यनं मोबाइल हातात घेऊन फोटो बोटांनी मोठा केला. नंतर म्हणाला, "आमचे दोन ट्रक होते. दारात भाड्याचा तिसरा उभा असला तर वडील त्याला कुंकूसुद्धा लावत नसत. म्हणायचे, ज्याचा आहे तो लावेल." मग मॅनेजरकडे वळून त्यानं विचारलं, "ही कामाला नव्हती, तर फोटोत काय करतेय?"

मॅनेजर पाणी प्यायला म्हणून जो गेला तो परत आला नाही.

"तुमचं मशीन आजच घेऊन जा," अजिंक्य म्हणाला. "एक मशीन मी माझ्या अधिकारात सोडू शकतो. इथं सही करा."

मी टेम्पोवाल्याला फोन लावायलाही घेतला होता. चंद्रव्वा मात्र कागदाकडे बघत उभी.

"आन् बाकीची चार?"

"त्यांनी आपापला अर्ज करावा. लिलाव उद्या आहे, आज केला तरच."

"गुरम्मा अंथरुणाला खिळलीय. दोघी पुण्याला. निंगव्वा तर वारलीच, तिची लेक तेवढी हाय." तिनं बोटांवर मोजलं. "मी पाचींसाठी सही केली तर?"

"मग यादीच बदलते. मला न्यायाधिकरणाला विचारावं लागेल. मशिनं लिलावातून काढतो, पण हुकूम येईपर्यंत तुमचंही इथंच राहील. दोन महिने, तीन महिने. आणि हुकूम तुमच्या बाजूनं होईलच असं मी सांगू शकत नाही."

मी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि चांगलीच भडकले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हातातोंडाशी आलेला घास आहे हा. गणवेशाचं काम जाईल. आधी आपलं बघ, मग गावाचं."

"बाई," ती म्हणाली, "मी एकटीनं उचलून न्हेलं, तर बाकीची चार कंपनीचीच व्हती असं मीच लिहून दिल्यासारखं हुतंय की."

मी तिचा दंड सोडला. तिनं पाचींची नावं सांगितली, अजिंक्यनं ती लिहून घेतली, आणि सोळातलं एकही मशीन न घेता आम्ही रिक्षात बसलो. मला राग होता, आणि त्या रागाखाली तिच्याबद्दल इतका आदर होता की मला तो लपवता येईना, म्हणून मी बाहेर बघत बसले.

गणवेशाचं काम गेलंच. चंद्रव्वानं घरोघरी जाऊन साड्यांना हातानं फॉल लावले. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी वेबसाइट बघायची. तारीख पडली, पुढं गेली, परत पडली. गौरी बसल्या त्या दिवशी सकाळी हुकूम दिसला. मी तशीच तिच्या दारात गेले आणि तिथंच ओट्यावर बसून वाचायला लागले.

लिक्विडेटरचा अर्ज मंजूर. पाच शिलाई यंत्रे कंपनीच्या मालमत्तेतून वगळून खालील मालकांना परत द्यावीत. आणि खाली पाच ओळींत पाच नावं, वडिलांच्या किंवा नवऱ्यांच्या नावांसकट. ज्यांना कारखान्यानं मस्टरवर एक ओळ दिली नव्हती त्यांची नावं कोर्टाच्या हुकुमात, कुणीही कधीही उघडून बघावीत अशी. चंद्रव्वाचं नाव मी मुद्दाम मोठ्यानं, दोनदा वाचलं.

ती डोळे पुसत होती. कोपऱ्यात एक मुलगी उभी होती, विशीतली, अंग चोरून. निंगव्वाची लेक.

"माझं पुरं झालं बाई," चंद्रव्वा म्हणाली. "आता निंगव्वाचं वाचा. जरा जोरात. तिच्या लेकीला ऐकू द्या."