संध्याकाळी सहाचं रीडिंग

घरात व्यायामाला सायकल घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराला वाटलं असेल, हे गिऱ्हाईक डोकं खाणार. आणि ह्यांनी खाल्लंच. पाठ टेकून चालवायची लांबलचक सायकल त्याने दाखवली, पण ती आमच्या पुढच्या खोलीत मावली नसती. मग उभी सायकल बघायला लागलो. ह्यांनी सीट कमरेच्या उंचीला आणली, पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो ना ते पाहिलं, हँडल गदागदा हलवलं. इथवर ठीक. गाडी अडली ती मीटरवर. रंगीत पडद्याच्या चार सायकली ह्यांनी नापास केल्या, कारण बंद केलं की त्यांचा आकडा शून्यावर यायचा.

“मागचं रीडिंगच राहत नसेल तर त्याला मीटर कशाला म्हणायचं?”

शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक करडी सायकल पसंत पडली. तिला एकच बारकी खिडकी आणि तिच्यात एकच आकडा, आजवरचे एकूण किलोमीटर.

ह्यांनी चौतीस वर्षं घरोघरी जाऊन विजेच्या मीटरची रीडिंगं घेतली. लोक कटकट करायचे, एवढी वीज आम्ही जाळलीच नाही म्हणून. हे म्हणायचे, तुम्हाला काय वाटतं ते राहू द्या, मीटर काय म्हणतं ते बघा. निवृत्त झाल्यावर हा खाक्या माझ्या वाट्याला आला. ताप आल्यासारखं वाटतंय म्हटलं तरी थर्मामीटरची परवानगी लागायची.

ह्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद होत चालली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “रोज सायकल चालवा. भार अजिबात लावू नका, दम लागला की उतरा. किती जमतं ते लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी दाखवा, फारच घसरलं तर आधीच या. ऑपरेशन कधी करायचं ते त्यावरून ठरवू.” मी शेजारीच बसले होते. माझ्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की सायकल चालवली की माणूस बरा होतो.

सकाळी हे सायकलवर बसायचे. चालवताना खिडकीवर रुमाल टाकायचे, कारण सारखं बघितलं की माणूस आकड्यासाठी पाय मारतो म्हणे. रीडिंग दिवसातून एकदाच, संध्याकाळी सहाला. त्यातून कालचं वजा करायचं आणि उरेल ते वहीत लिहायचं. सुरुवातीला रोजचे चार किलोमीटर भरायचे. मग तीन झाले, मग अडीच. एका संध्याकाळी दीड निघाला. ह्यांनी वजाबाकी तीनदा तपासली, वही मिटली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायलाही उठले नाहीत.

“संपत आलं गं आता,” म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांचा डोळा लागला तेव्हा मी सायकलवर बसले. मी आयुष्यभर पायाच्या मशीनवर लोकांचे कपडे शिवलेत. माझ्या पायांना हे काम म्हणजे किस झाड की पत्ती. एक किलोमीटर चालवला आणि उतरले. संध्याकाळी ह्यांचा चेहरा बघायला हवा होता. रात्री दोन घास जास्त जेवले. मग काय, मला चटकच लागली. पुढच्या दिवशी दीड, मग दोन, मग अडीच, पुढे चार भरेपर्यंत. सकाळी हे पाच मिनिटांत धापा टाकत उतरायचे आणि मी विचारलं की म्हणायचे, “शरीर काहीही सांगतं. संध्याकाळी बघ.” संध्याकाळी चार भरायचे. माझ्या नवऱ्याचा स्वतःच्या छातीपेक्षा त्या खिडकीवर जास्त विश्वास होता, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. दम लागतो का, असं त्यांनी विचारलं.

“वयाच्या मानाने लागतो थोडा. पण आकडे बघा ना,” हे म्हणाले.

“छान आहेत. मग ऑपरेशन सहा महिने पुढे ढकलू. दोन मजले वर जाऊन रक्त देऊन जा.”

मला तिथेच बोलायला हवं होतं. ह्यांची मान इतकी ताठ झाली होती, की ती खाली घालायला लावण्याची माझी हिंमत झाली नाही.

बाहेर मी लिफ्टचं बटण दाबलं.

“लिफ्ट कशाला? चार किलोमीटरवाला माणूस आहे मी,” म्हणाले आणि जिन्याकडे वळलेसुद्धा.

पहिल्या वळणापर्यंत पोचले. तिथे कठडा धरला आणि खाली बसले. ओठ राखाडी पडले होते, कपाळावर घाम डवरला होता. मी ओरडून माणसं बोलावली. लोक येईपर्यंत ह्यांचं डोकं छातीशी धरून मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. दुपारचं, सायकलचं, सगळं. ह्यांनी नुसते डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाईंनाही सगळं सांगितलं. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, ऑपरेशन आता परवाच करायचं, महिनाभर आधी केलं असतं तर धोका बराच कमी होता, आता खात्री देता येत नाही. ह्यांना तिथेच ठेवून घेतलं.

संध्याकाळी कपडे आणायला मी घरी जाऊन आले. ह्यांनी वही मागवली होती, तीही आणली. पलंगावर बसून ते एकेक पान उलटत राहिले.

“ह्यातले माझे किती?” त्यांनी विचारलं.

अडीचच्या पुढे मी हिशेब ठेवलाच नव्हता. पण शेवटच्या आठवड्यांत त्यांचा अर्धा किलोमीटरही होत नसावा, एवढं मला दिसत होतं. रागावले असते, वही फेकली असती तर मी खरं बोलले असते. ते फक्त वाट बघत होते.

“निम्मे,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी पेन्सिल मागितली आणि शेवटच्या चारावर रेघ मारून शेजारी दोन लिहिले. मग त्या दोनाकडे बघत म्हणाले, “वाईट नाही. म्हणजे ऑपरेशन सोसेल मला.”

“सोसेल,” मी म्हणाले, आणि आणलेले कपडे कपाटात लावायला उठले.