दुकान वाढवायचं

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास उत्तमचंद भुसावळ स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये येऊन बसले. त्यांना कुठलीही गाडी पकडायची नव्हती.

धरणगावला त्यांची सरकी-पेंडीची दलाली होती. वडिलांनी घराच्या पुढच्या खोलीत गादी घातली, ती तिथंच राहिली. गादीशेजारी फोन, कोपऱ्यात पेंडीच्या नमुन्यांच्या पिशव्या, दारात व्यापाऱ्यांच्या चपला. दुकान उघडं असेपर्यंत घरातल्या बायका मागच्या बोळातून ये-जा करत. तसा नियम कोणी केलेला नव्हता.

त्या वर्षी, १९९२ साली, सुरतेकडच्या एका गिरणीने त्यांना खानदेशातली सगळी खरेदी देऊ केली. हो म्हणायचं तर आणखी दोन माणसं लागणार, दुसरा फोन लागणार, आणि भिंत पाडून मधली खोली दुकानात घ्यावी लागणार. मधल्या खोलीत आईची बाज होती आणि बायकोचं, प्रेमकुंवरचं, शिलाई मशीन. घरी याचा विचार होत नव्हता. फोन वाजला की तो तुटे, आणि फोन ठेवल्यावर सापडत नसे.

शेजारच्या बाकावर रावेरकडचे एक केळीवाले शेतकरी पाय वर घेऊन बसले होते.

"कोणती गाडी, शेठ?"

"कोणतीच नाही. जरा विचार करायला आलो."

"विचार करायला?" त्यांनी बाहेर पाहिलं. फलाटावर हमाल भांडत होते, मालगाडी शंटिंग करत होती. "लोक त्यासाठी देवळात जातात. तुम्ही जंक्शन गाठलं!"

"इथे मला कोणी ओळखत नाही."

"आता मी ओळखतो," शेतकरी म्हणाले आणि हसत डोक्याखाली पिशवी घेऊन आडवे झाले.

दुपारपर्यंत उत्तमचंद तिथंच बसले. दोन वेळा उठून फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या खेपेला परतताना ते वेटिंगरूममध्ये शिरले नाहीत, सरळ एसटीडी बूथकडे गेले. फोन प्रेमकुंवरने उचलला. लाइनमध्ये खरखर होती.

"ठरलं," ते म्हणाले. "दुकान वाढवायचं."



"खरंच?"

"हो. गिरधर मिस्त्रीला निरोप दे, सोमवारी ये म्हणावं."

"देते. आत्ताच देते." मग ती म्हणाली, "जेवलात का तुम्ही?"

एवढ्या सहज ती तयार होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. गाडीत बसल्यावर ते खिडकीला डोकं टेकून जळगाव येईपर्यंत झोपले.

संध्याकाळी ते घराशी पोहोचले तेव्हा गादी ओट्यावर उभी करून ठेवलेली होती. तिच्यावरची पांढरी चादर धुऊन दोरीवर टाकली होती. पुढची खोली पाण्याने धुतलेली होती, फरशी अजून ओली होती. नमुन्यांच्या पिशव्या एका पोत्यात भरलेल्या होत्या. पुढच्या दाराशी एकच चपलांचा जोड होता, प्रेमकुंवरचा.

आई, सायरबाई, उंबऱ्यात बसली होती.

"चांगलं केलंस," ती म्हणाली. "तुझ्या बापाला मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, दुकानाला 'बंद' हा शब्द या घरात नको. रोज रात्री तो 'वाढवलं' म्हणायचा, तूही म्हणतोस. कायमचं करतानाही तसंच म्हणालास. मला बरं वाटलं."

उत्तमचंदांनी वळून ओट्यावरच्या गादीकडे पाहिलं.

प्रेमकुंवर पाण्याचा तांब्या घेऊन आली. पदर कमरेला खोचलेला, हाताला चुना.

"पायरीवर नीट पाय ठेवा, ओलं आहे," ती म्हणाली. मग मधल्या भिंतीकडे वळली. "मिस्त्री आला की या भिंतीची डागडुजी करून घेऊ. बघा, मी एवढा तुकडा रंगवून पाहिलाय. दिवसा या खोलीत इतका उजेड येतो, मला माहीतच नव्हतं."

उत्तमचंद पाणी प्यायले. तांब्या रिकामा झाला तरी ते तो धरून उभे होते.

"उद्या इथेच मशीन लावते," ती म्हणाली. "चालेल ना?"

"लाव," ते म्हणाले.

रविवारी दोनदा फोन वाजला. दोन्ही वेळा त्यांनी नंतर करतो म्हणून सांगितलं. दिवसभर पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. शेजारच्या दोघी पुढच्या दाराने आल्या, बसल्या आणि पुढच्या दारानेच गेल्या.

सोमवारी नऊ वाजता गिरधर मिस्त्री पहार घेऊन आला. सुरतेच्या गिरणीच्या कामासाठी शेठ दुकान मोठं करणार, असं शनिवारी गावात कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं.

"शेठ, कोनती भित पाडानी शे?"

मशीनचा आवाज थांबला.

"आधी चहा घे," उत्तमचंद म्हणाले.

अकरा वाजेपर्यंत मिस्त्रीचा तिसरा चहा झाला होता. पहार भिंतीला टेकून होती. गादी ओट्यावरच होती, आणि सुरतेला अजून फोन गेला नव्हता.