सुई कुणाच्या घरची

तिसरीच्या वर्गात त्या दिवशी नुसता गोंधळ होता, आणि बाईंना तो हवाच होता. बाकं भिंतीला सरकवून मधोमध ताडपत्री अंथरली होती. मुलांनी घरून आणलेल्या सुक्या कचऱ्याच्या पिशव्या बाईंनी तिच्यावर एकदमच ओतल्या होत्या. कागद, प्लास्टिक, धातू असे तीन डबे, आणि चौथ्यावर लिहिलं होतं 'बाईंना विचारा'. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचे पातळ मोजे होते. ते इतके ढगळ होते की मुलं हात हलवून फडफड आवाज काढत होती आणि खिदळत होती.

"खोकी आधी चेपायची," बाई ओरडून सांगत होत्या. "चेपली की जागा कमी लागते. लक्षात आलं का?"

"पण बाई, चेपलेलं खोकं परत फुगतं का?" हा प्रश्नोबा. खरं नाव पटावर होतं, पण दिवसभर प्रश्न विचारून त्याने हे नाव स्वतःच कमावलं होतं. उत्तराची वाट न बघता त्याने टूथपेस्टचं एक लांबट खोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि सगळा जोर लावून दाबलं.

तो ओरडला नाही. नुसता "आई गं" म्हणाला आणि तळहाताकडे बघत राहिला. पातळ मोज्याच्या आत रक्ताचा ठिपका पसरत होता. बाईंनी खोकं उलटं केलं. आतून इंजेक्शनची एक बारीक, आखूड सुई पडली. तिच्यावर टोपण नव्हतं.

बाईंना हातपाय गाळायला वेळ नव्हता. त्यांनी प्रश्नोबाचा मोजा काढला, त्याला नळाखाली नेऊन साबणाने हात धुतला, कितीतरी वेळ पाणी सोडलं. प्रश्नोबा म्हणाला, "बाई, सुई कुणाला टोचलेली होती?" आजवर त्याने विचारलेल्या हजार प्रश्नांत हा एकच असा होता की ज्याचं उत्तर बाईंना लगेच हवं होतं.

मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, धावत आल्या आणि मुलाला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात गेल्या. तिथून थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. आवाज खाली आणला होता, म्हणजे मुलाची आई जवळच असणार.

"डॉक्टर म्हणतात, सुईतून रक्ताचा रोग लागण्याचा धोका कमी आहे, पण नाहीच असं नाही. ही सुई कुणी वापरली ते कळलं, आणि त्या माणसाचं रक्त तपासता आलं, तर बरं. नाहीतर पोराला महिनाभर जड औषधं द्यावी लागतील. आणि जे करायचं ते लवकर. तुम्ही वर्गात शोधा. पण जरा जपून."

बाईंनी फोन ठेवला. मुलं भिंतीला टेकून बसली होती.

"कुणालाही ओरडणार नाही," त्या म्हणाल्या. "मला फक्त एवढंच सांगा, हे टूथपेस्टचं खोकं कुणाच्या पिशवीतलं?"

ते खोकं तर घरोघरी येतं! आठ हात वर झाले. मग बाईंनी विचारलं, घरी कुणी इंजेक्शन घेतं का? एका मुलाने सांगितलं, आमच्या कुत्र्याला दिलं होतं. दुसरीने सांगितलं, आजोबांना देतात पण ते ओरडतात म्हणून आता गोळ्या देतात. एकीने तर स्वतःच्या दंडावरची जुनी खूण दाखवली. एरवी बाई हसून लोळल्या असत्या. आज त्यांना दिसत होता तो फक्त घड्याळाचा पुढे सरकणारा काटा.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, पिटुकली जागेवर नाही. वर्गात सगळ्यांत लहान चणीची म्हणून ती पिटुकली. शेजारच्या वर्गावरच्या सरांना "जरा बघा" म्हणून सांगत बाई बाहेर धावल्या.

ती हात धुवायच्या नळापाशी होती. हात लाल होईपर्यंत धूत होती.

"तुला पण टोचलं का गं?"

पिटुकलीने नकारार्थी मान हलवली. मग पाण्याकडेच बघत म्हणाली, "प्रश्नोबा मरणार का?"

"नाही. अजिबात नाही. पण आपण त्याला मदत करायला हवी."

"खोक्यात सुई होती ते मला माहीत नव्हतं. शप्पथ. मी घरच्या डब्यातून फक्त कागदाचं कागदाचं उचललं." तिने नळ बंद केला. "सांगायचं नाहीये. सांगितलं तर बस जाईल."

क्षणभर बाईंना काहीच उमजलं नाही. मग उमजलं. इतकी बारीक, आखूड सुई मधुमेहाच्या इन्सुलिनची असते. पिटुकलीचा बाप शाळेची बस चालवायचा. रोज निम्मी शाळा त्याच्या भरवशावर घरी जायची.

बस फाटकाजवळ उभी होती. बसकाका समोरची काच पुसत होते. नीटनेटका माणूस. लहान मुलांचे हात दारात सापडतील म्हणून दार लावण्याआधी रोज मोठ्याने "बोटं आत" म्हणायचा. बाई पायरीवर चढल्या.

"दादा, एक विचारायचं होतं. तुम्ही इन्सुलिन घेता का?"

फडकं थांबलं. "कोण म्हणालं?"

"ते राहू द्या."

"राहू कसं द्या? माझ्या पोरीला पोलिसासारखं कोपऱ्यात घेतलंत ना?" त्यांचा आवाज चढला. "आम्ही काही घेत नाही. आमच्या घरात कुणी आजारी नाही. झालं?"

बाईंनाही राग आला होता, पण त्यांनी तो गिळला. काय घडलं ते सरळ सांगितलं. खोकं, सुई, प्रश्नोबाचा हात. "चेपा म्हणून मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या सांगण्यावरून त्याने दाबलं. आता तो दवाखान्यात बसलाय आणि त्याला जड औषधं द्यायची की नाही ते एका माणसाच्या रक्तावर अडलंय."

बसकाकांनी तोंड फिरवलं. शाळा सुटल्याची घंटा झाली. मुलांचा लोंढा बसकडे धावत सुटला. काका सवयीने चालकाच्या जागेवर जाऊन बसले आणि किल्लीला हात घातला.

बाई दारातून हलल्या नाहीत.

"बाजूला व्हा बाई. पोरं चढतील."

"नाही चढणार. दादा, खरं सांगा, गाडी चालवताना कधी साखर उतरली आहे?"

पहिली मुलं दारापाशी येऊन खोळंबली. कुणीतरी बाईंचा पदर ओढत होतं. काकांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"एकदा," ते इतक्या हळू बोलले की बाईंना वाकावं लागलं. "गेल्या महिन्यात. बस रिकामी होती. पुढचं सगळं धूसर झालं. बाजूला घेतली, साखर खाल्ली, बसून राहिलो." त्यांनी आसवं पुसली नाहीत, ओघळू दिली. "बस गेली तर मी दुसरं काय करू? मला दुसरं काही येत नाही हो."

बाईंनी हात पुढे केला. मग काकांनी किल्ली काढली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली.

सरांनी मुलांना सभागृहात बसवलं आणि पालकांना फोन लावायला सुरुवात केली. बाई काकांना घेऊन स्वतःच्या स्कूटरवरून निघाल्या.

दवाखान्यात प्रश्नोबाची आई दाराशीच उभी होती. काकांना बघून तिला आधी वाटलं, हे मदतीला आलेत. मग कळलं. तिचा चेहरा बघवेना. काकांनी बाही वर केली आणि परिचारिकेपुढे हात धरला.

अहवाल येईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. प्रश्नोबाच तेवढा विचारत होता, रक्त बाटलीत गेल्यावर थंड होतं का. अखेर डॉक्टर बाहेर आल्या. काकांच्या रक्तात घाबरण्यासारखं काही नव्हतं. जड औषधं नकोत, एक लस पुरे.

आईने लेकराला छातीशी धरलं आणि रडून घेतलं. मग डोळे पुसून ती काकांकडे वळली. "सुईचं सोडा. चूक कुणाचीही होते. पण बस? माझं पोर रोज तुमच्या मागे बसायचं, आणि तुम्हाला हे माहीत होतं."

काका खाली बघत म्हणाले, "हो. माहीत होतं."



काकांना बस परत मिळाली नाही. शाळेने त्यांना गाड्यांच्या देखभालीवर घेतलं, पगार कमी झाला. बाईंनी मोठ्या बाईंपुढे त्यांच्यासाठी शब्द टाकला, पण बसबद्दल त्यांनीही आग्रह धरला नाही. पिटुकली कित्येक दिवस बाईंशी बोलली नाही. हजेरीला "हजर" म्हणायची, तेही खिडकीकडे बघून.

मग एके दिवशी बाईंनी पुन्हा कचऱ्याचा तास घेतला. या वेळी प्रत्येक पिशवी त्यांनी स्वतः आधी चिमट्याने चाळली होती. मग फळ्यावर सुईचं चित्र काढून विचारलं, ही कुठे टाकायची?

सगळ्यांच्या माना नकळत एकीकडे वळल्या.

पिटुकली उभी राहिली. कान लाल झाले होते. "जाड प्लास्टिकच्या डब्यात. झाकण घट्ट लावायचं. वर 'सुया' असं मोठं लिहायचं. आणि डबा भरला की दवाखान्यात नेऊन द्यायचा. आम्ही परवा दिला."

"कुणी कुणी नेला?" प्रश्नोबाने विचारलं.

"मी आणि बाबांनी. चालत गेलो."

"मला नेशील पुढच्या वेळी?"

पिटुकली विचारात पडली. "बाबांना विचारते," ती म्हणाली आणि खाली बसली.